नव्या कामगार संहितेमुळे युनियन काढणं सोपं झालं की अवघड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाळूजच्या कारखान्यात १६० परमनंट आणि ३०० ठेकेदाराचे व ट्रेनी आहेत. सरकार म्हणतं, औद्योगिक संबंध संहितेने युनियनला पहिल्यांदाच कायदेशीर मान्यता दिली. युनियनवाले म्हणतात, आमचे हात बांधले. तर खरं काय?

‘पहिल्यांदाच’ हे बाकीच्या बऱ्याच राज्यांना लागू असेल, महाराष्ट्राला नाही. आपल्याकडे १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि मालकांच्या अनुचित प्रथा रोखणारा कायदा, आहे. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवले की औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मागता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा पूर्ण हक्क ५१ टक्केवालीला आहे. तेवढे कुणाकडेच नसतील तर २० टक्के किंवा जास्त असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटीची परिषद बनते. म्हणजे १६० वर धरलं तर जिथे ४८ सभासद पुरायचे, तिथे आता ८२ लागतात. संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत १९७१ चा कायदा नाही, त्यामुळे दोन्ही आकडे तुमच्यासमोर टाकले जातील. तयारी ८२ चीच करा.

नोंदणीचं गणित फारसं बदललेलं नाही. ७ जण अर्ज करू शकतात, पण १० टक्के किंवा १०० यांतला जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत. परमनंटवर धरले तर १६ होतात. ‘ठेकेदाराचे आणि ट्रेनीही मोजा’ असा आक्षेप आला तर ४६ लागतील, म्हणून ५० झाल्याशिवाय अर्ज देऊ नका. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे एक तृतीयांश किंवा ५, यांतले जे कमी असतील तेवढेच चालतात.

प्रकरणं कोसळतात ती बहुतेक पावतीबुकावर. १९७१ च्या कायद्यात मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेला माणूस सभासद धरत नाहीत. तपासणीत पावतीबुक, सभासद नोंदवही, कॅशबुक आणि बँक पासबुक एकमेकांशी ताडून पाहिलं जातं. पावती ६१ वर मार्चची तारीख आणि ५८ वर एप्रिलची, सहा महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने लिहिलेल्या, किंवा वर्गणी गोळा झाली पण बँकेत भरलीच नाही, असं काही दिसलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. म्हणून दर महिन्याला पगारानंतर आठवड्याच्या आत वर्गणी घ्या. पावतीवर टोकन नंबर आणि महिना लिहा, स्थळप्रतीवर सभासदाची सही घ्या आणि पैसे त्याच आठवड्यात खात्यात भरा. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी आणि तिचे ठराव मिनिटबुकात हवेत. मान्यताप्राप्त युनियनच्या घटनेत ही अट असतेच.

दुसरा धोका वेळेचा. नावं उघड झाल्यापासून मान्यता मिळेपर्यंतच्या महिन्यांत पुढारी कामगारांची बदली होते, कंपनीची शिस्तभंगाची चार्जशीट येते आणि बघता बघता दुसरी, साहेबांच्या मर्जीतली युनियन उभी राहते. संहितेत एकच युनियन असेल तर नियमांतल्या निकषांवर तिलाच मान्यता द्यावी लागते. त्यामुळे दुसरी युनियन उभी करण्यात मालकाचा थेट फायदा आहे. युनियनच्या कामासाठी कुणाला काढलं तर १९७१ च्या कायद्याखाली ९० दिवसांच्या आत अनुचित प्रथेची तक्रार करा आणि अंतरिम आदेशही मागा. समझोत्याच्या आशेवर हे दिवस हातचे जाऊ देऊ नका. सभा गेटवर नको, बजाजनगर-रांजणगावकडे शिफ्ट संपल्यावर घ्या.

आता राजकारणाचं. ५१ टक्क्यांचे समर्थक म्हणतात, एकच टेबल, एकच करार, चार युनियनची ओढाताण नको. या म्हणण्यात तथ्य आहे. मुंबईच्या गिरण्यांत उलट टोक दिसलं होतं: १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनकडे प्रतिनिधित्व राहिलं आणि तो कायदा रद्द करा ही १९८२ च्या संपातली एक मागणी होती. म्हणून माझं ठाम मत आहे की बहुमत गुप्त मतदानानेच ठरावं, पण अर्जानंतर ठरलेल्या थोड्या दिवसांतच ते व्हावं. मधला काळ लांबला की मतदान भीतीचं होतं. तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात सप्टेंबर २०२४ मध्ये संप झाला आणि युनियनची साधी नोंदणी मिळायला जानेवारी २०२५ उजाडला. ९ जुलै २०२५ ला दहा केंद्रीय संघटनांनी संप केला तो या संहितेसह चारही कामगार संहितांविरुद्धच, भारतीय मजदूर संघ त्यात नव्हता. संप करणाऱ्यांचा एक आक्षेप मला पूर्ण पटतो: १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना, आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच धरला जातो.

पण या सगळ्या वादात तुमचे ३०० जण कुठेच नाहीत. ॲप्रेंटिस कायद्याखालचा ट्रेनी ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाही. ठेकेदाराच्या माणसाची हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर असते. तो कंपनीविरुद्ध अनुचित प्रथेची तक्रार घेऊन गेला, तर सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे आधी मालक-नोकर नातं सिद्ध करून या, असं ऐकावं लागतं. तेव्हा युनियनच्या घटनेत सुरुवातीलाच ठेकेदारी कामगारांना सभासदत्व ठेवा, त्यांची नोंदवही वेगळी ठेवा आणि त्यांच्या गेटपास, पीएफ नंबर, पगारस्लिपच्या प्रती आत्तापासून जमवा. ठेकेदार बदलला की हे कागद पुन्हा हाती लागत नाहीत.