विष नव्हे, फुफ्फुसाचा आजार

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्याकडे ३२ डुकरं आहेत. गेल्या महिन्यात बाजारातून सहा पिल्लं आणून त्यांच्यातच सोडली. पंधरा दिवसांनी घरच्या, साडेतीन महिन्यांच्या दोन डुकरांनी संध्याकाळी नीट खाल्लं आणि पहाटे ती मेलेली दिसली. नाकातोंडाला रक्ताळलेला फेस होता. घरचे म्हणतात, शेजाऱ्याने विष घातलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फुफ्फुसाचा तुकडा तपासायला पाठवला. स्वाईन फीवर नाही, ‘अ‍ॅक्टिनोबॅसिलस’ आहे, असा अहवाल आला. आणखी तीन आजारी पडली होती, ती इंजेक्शनांनी वाचली. हा काय प्रकार आहे? लस देऊ का? वाचलेली डुकरं ठेवू का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं असेल, तर हे उत्तर वाचून झाल्यावर आधी त्याच्या घरी जा. हे विष नाही.

या जंतूचं पूर्ण नाव अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए. आजार तीव्र असला, तर धडधाकट डुक्कर दिवसभरातच जातं. मरण्याआधी ते कुत्र्यासारखं बसून तोंडाने धापा टाकतं, पण हे रात्री घडलं तर पाहणार कोण? शवविच्छेदनात फुफ्फुसाचा मागचा, पाठीकडचा भाग यकृतासारखा काळपट आणि टणक लागतो. मायकोप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या जंतूच्या साध्या ढासेत पुढचा, खालचा भाग बिघडतो. त्यामुळे फुफ्फुस हातात घेताच अंदाज येतो, पण खात्री प्रयोगशाळेतच होते.

ती खात्री किती अवघड असते, हे मी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीव विभागात शिकले. असंच एक फुफ्फुस आलं होतं. मेंढीचं रक्त घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, नमुना लावला, दोन दिवस थांबले, तरी हा जंतू उगवला नाही. आमच्या मॅडमनी नव्या प्लेटवर नमुना पसरायला लावला आणि त्यावरून स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूची एक रेघ ओढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या दोन्ही कडांना आपल्या जंतूच्या दवाच्या थेंबांसारख्या बारीक वसाहती होत्या, लांब एकही नाही. या जंतूच्या बहुतेक जातींना वाढीसाठी एनएडी नावाचा पदार्थ बाहेरून लागतो आणि तो त्यांना शेजारच्या स्टॅफिलोकोकसकडून मिळतो. ती प्लेट मी आजही विसरलेले नाही. तुमच्या डॉक्टरांनी नमुना वेळेत पाठवला आणि प्रयोगशाळेने जंतू ओळखला, यात दोघांचीही मेहनत आहे.

१९६४ मध्ये रिचर्ड शोप यांनी या रोगाचं सविस्तर वर्णन केलं. डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३१ मध्ये दाखवून देणारे शास्त्रज्ञ तेच. पुढच्या संशोधनात कळलं, की हा जंतू ‘एपीएक्स’ नावाची विषं सोडतो. जंतूला खायला धावलेल्या पांढऱ्या पेशींनाच ती भोकं पाडतात. पेशी फुटल्या की त्यांच्यातला दाहक माल फुफ्फुसात सांडतो आणि नासधूस वाढते. म्हणजे तुमच्या घरच्यांना विषाचा संशय आला, ते विष जंतूनेच आत तयार केलं होतं.

आता लस. या जंतूचे किमान १९ प्रकार ठाऊक आहेत. मारलेल्या जंतूंची लस बहुतांशी त्याच प्रकारापुरती चालते. विषांवर आधारलेल्या लसी मृत्यू कमी करतात, पण डुकराच्या टॉन्सिलमध्ये दडलेला जंतू हटवत नाहीत. उलट खराखुरा आजार होऊन गेलेलं डुक्कर इतर प्रकारांनाही बऱ्यापैकी तोंड देतं. हे लशीने कसं साधायचं, यावर संशोधन चालू आहे आणि मला त्याची फार आस आहे. एक साधन मात्र हाती आलं आहे. एपीएक्स-४ हे विष जंतू डुकराच्या शरीरात असतानाच बनवतो. त्याविरुद्धची प्रतिपिंडं (शरीराने लढायला बनवलेली प्रथिनं) रक्तात सापडली, तर त्या डुकराला खरी लागण झाली होती, नुसती लस दिलेली नव्हती, असं समजतं.

तुमच्या ३२ डुकरांसाठी मी लशीवर भिस्त ठेवणार नाही. बाहेरून आणलेली पिल्लं एकदम कळपात सोडलीत, ही चूक महागात पडली. वरून धडधाकट दिसणारं पिल्लू जंतू घेऊन येतं. घरच्या पिल्लांचं चिकातून मिळालेलं संरक्षण साधारण अडीच-तीन महिन्यांत ओसरलेलं असतं, आणि तुमची ती दोन नेमकी त्या वयाची होती. यापुढे नवं जनावर महिनाभर वेगळ्या शेडमध्ये ठेवा, त्याची बादली आणि झाडूही वेगळा. एका कप्प्यात एकाच वयाची डुकरं ठेवा. आत गेल्यावर मुताच्या वासाने डोळे चुरचुरत असतील, तर तो वास त्यांच्या फुफ्फुसांनाही सोसत नाही. भिंतीचा वरचा भाग मोकळा करा.

पुन्हा एखादं आजारी पडलं, तर औषध खाद्यात कालवू नका. आजारी डुक्कर खातच नाही, औषध निरोगीच खातात. इंजेक्शनच हवं, तेही पहिल्या काही तासांत, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस. मागच्या वेळची उरलेली बाटली वापरू नका.

वाचलेली तिन्ही डुकरं बरी दिसली तरी जंतू बाळगून असू शकतात. पैदाशीला ठेवू नका, दुसऱ्या पाळणाऱ्याला विकू नका. औषधाचा अंश मांसातून जाईपर्यंत किती दिवस थांबायचं, ते डॉक्टरांना विचारा, ते दिवस पुरे झाले की मांसासाठीच द्या. सहा पिल्लांचंही तेच करा. ज्याच्याकडून ती आणलीत, त्याला अहवालाची प्रत नेऊन दाखवा, त्याच्या शेडमध्येही हा जंतू असण्याची शक्यता आहे.