आधी शुगर, मग श्वास

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलामुलींना डॉक्टर आणि समुपदेशक हल्ली सजगतेचा, म्हणजेच माइंडफुलनेसचा, सराव सुचवतात. तो नेमका कधी आणि कसा करायचा, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. इन्सुलिनचे डोस प्रत्येकाचे वेगळे असतात, ते आपापल्या डॉक्टरांनी ठरवलेलेच पाळावेत.

प्रश्न : मी दहावीत आहे. मध्येच छातीत धडधडतं, हात थरथरतात. शुगर लो झालीय की टेन्शन आलंय, तेच कळत नाही. शाळेतल्या समुपदेशक मॅडम म्हणतात, अशा वेळी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे. तसं केलं तर चालेल का? (विद्यार्थी, सांगली)

मॅडमनी सांगितलेला सराव चांगला आहे, पण तुला त्याच्याआधी एक पायरी हवी. धडधड, थरथर, घाम, पोटात खड्डा पडणं ही लक्षणं शुगर उतरली तरी येतात आणि घाबरलं तरी येतात, कारण दोन्ही वेळा शरीर ॲड्रेनलिनच सोडत असतं. नुसत्या जाणिवेवरून फरक ओळखणं वर्षानुवर्षं मधुमेह सांभाळलेल्यांनाही नेहमी जमत नाही. म्हणून आधी बोट टोचून आकडा बघ. मीटर जवळ नसेल तर शुगर लो आहे असंच धर आणि साखर घे. टेन्शन असताना थोडी साखर पोटात गेली तर फार बिघडत नाही. लो असताना डोळे मिटून बसलास, तर मात्र जिवावर बेतू शकतं.

आकडा ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल तर वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर हा हिशोब धर. म्हणजे वजन ५० किलो असेल तर १५ ग्रॅम, ३० किलोच्या धाकट्या मुलाला ९ ग्रॅम. घरच्या वजनकाट्यावर एकदाच मोजून पुड्या बांध, एक दप्तरात आणि एक कंपासपेटीत ठेव. वजनकाटा नसेल तर चहाचे तीन-चार सपाट चमचे पाण्यात विरघळव. पेढा, चॉकलेट, क्रीमचं बिस्किट या वेळी नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

त्यानंतर १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. आमच्या मते सजगतेचा सगळ्यात मोठा उपयोग याच पंधरा मिनिटांत आहे. लो असताना भूक अक्षरशः झपाटून टाकते. मुलं साखर घेतात, मग डबा संपवतात, वर केळं खातात आणि तासाभराने मीटर ३०० दाखवतो. म्हणून साखर घेतल्यावर फोनवर टायमर लाव. डोळे उघडे ठेव, पाठ टेकव, तळपाय जमिनीवर घट्ट रोव. काय होतंय त्याला मनात नाव दे : ‘हात थरथरतायत’, ‘मानेला घाम आलाय’, ‘खावंसं वाटतंय’. भूक घालवायचा प्रयत्न करू नकोस. ती वाढते, टिकते, ओसरते, तेवढं बघत राहा. टायमर वाजला की बोट टोच. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा एक पुडी. सेन्सर लावत असशील तर लक्षात ठेव, तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. रक्तातली शुगर चढू लागल्यावरही तो थोडा वेळ लोच दाखवतो आणि तेवढ्यात हात पुन्हा डब्याकडे जातो.

आकडा ५४ च्या खाली असेल, जीभ अडखळत असेल किंवा गुंगी येत असेल, तर सराव बाजूला. साखर घ्यायची आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात मात्र कोणीही काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावं, शुगर झटपट चढवणारं ग्लुकागॉन हे औषध असेल तर द्यावं आणि १०८ ला फोन करावा.

आता दुसरी शक्यता. थरथर आहे, पण मीटर ११० दाखवतोय. शुगर बरेच दिवस चढी राहिली असेल, तर शरीर ११०-१२० लाच लो समजू लागतं. किंवा मग ते खरोखरच टेन्शन असतं. गेल्या दोन-तीन तासांत जलद इन्सुलिन घेतलं नसेल, तर इथे मॅडमचा सल्ला अगदी चपखल बसतो : चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. इन्सुलिन घेतलेलं असेल तरी श्वास घ्यायला हरकत नाही, पण १५ मिनिटांनी आकडा पुन्हा बघ.

प्रश्न : डोळे मिटून बसले की मला उलट भीतीच वाटते. डोळे, किडनी, पुढे काय होईल, सगळं डोक्यात येतं. मला हे जमणार नाही का? (वय १६, पुणे)

डोळे मिटून बसायलाच हवं, असा काही नियम नाही. ज्यांच्या मनात आजाराची भीती घर करून आहे, त्यांना शांत खोलीत ती जास्तच मोठी दिसते. तू हाताला काम देणारा सराव कर. तसं काम तुझ्याकडे रोज चार-पाच वेळा येतंच.

साबण लावून कोमट पाण्याने हात धुताना सगळं लक्ष पाण्याच्या उबेवर ठेव. याचा वेगळा फायदाही आहे. बोटाला आंब्याचा किंवा द्राक्षाचा रस लागलेला असेल तर मीटर खोटा, चढा आकडा दाखवतो आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं की शुगर लो होते. इन्सुलिनच्या पेनला नवी सुई लाव, २ युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब आलेला बघ, मग तुझा डोस लाव. टोचण्याआधी खांदे सैल सोड, कारण अंग ताठरलेलं असलं की टोचताना जास्त दुखतं. ४ मिलिमीटरची सुई सरळ, काटकोनात टोचायची. बटण पूर्ण दाबल्यावर दहा मोजेपर्यंत सुई आतच ठेवायची, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो. या दहा अंकांत दोन सावकाश श्वास बसतात. एवढाही सराव पुरेसा आहे, आणि तो मोबाइल हातात न घेता केला तरच सराव.

आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी पोट, मांड्या आणि दंड बोटांनी सावकाश चाचपून बघ. कुठे मऊ गाठ किंवा जाडसर उंचवटा लागला तर तिथे टोचणं बंद कर आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखव. एकाच जागी टोचत राहिल्याने चरबी जमते आणि तिथून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. तिथे दुखत नाही म्हणून मुलं तीच जागा निवडतात. ‘काही न करता शुगर वरखाली होते’ या तक्रारीमागे अनेकदा ही गाठ असते. जागा बदलताना आधीचाच डोस जोरात लागू पडू शकतो, म्हणून तो किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारून घे.

पुढच्या आजारांच्या भीतीचं म्हणशील, तर ती मनातून हाकलायची नाही. ‘हा विचार आहे, आजचा आकडा नाही’ एवढं स्वतःशी म्हण. आणि डोळ्यांची व लघवीतल्या प्रथिनांची वार्षिक तपासणी कधी आहे, ते कॅलेंडरवर लिही.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. वहीत खोटे आकडे लिहिते. मीटरची मेमरी बघितली तेव्हा समजलं. रोज भांडणं होतात. तिला मेडिटेशनच्या क्लासला घालू का? (एक आई, नाशिक)

क्लासची घाई नको. मुलगी खोटं लिहिते, कारण खरा आकडा दाखवला की घरात काय होतं ते तिला माहीत आहे. तेव्हा सरावाला सुरुवात तुम्ही करा. ती शाळेतून आल्यावर दारातच ‘किती आली?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तिथे एक श्वास थांबा आणि आधी तिचं जेवणखाण, शाळा विचारा. शुगरबद्दल बोलायला दिवसातली एकच वेळ ठरवा, दहा मिनिटांची, दोघींना सोयीची. शुगर लो असेल किंवा कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) असतील तेव्हा अर्थातच वाट बघायची नाही. ‘चांगली शुगर, वाईट शुगर’ असं म्हणणं सोडा. २८० हा आकडा जास्त आहे, तो वाईट मुलीचा आकडा नव्हे. ‘का आली?’ याऐवजी ‘आता काय करूया?’ विचारलंत तर वही हळूहळू खरी होऊ लागेल.

हेही ध्यानात असू द्या की वयात येताना ग्रोथ हार्मोन आणि इतर संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. सगळं नीट करूनही पहाटे शुगर चढते. ते तिचं बेफिकीर वागणं नसतं, डोस वाढवायची वेळ आलेली असते.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. वजन उतरतंय, कीटोन वारंवार येतायत आणि ती बारीक होण्याबद्दल सारखी बोलते, असं असेल तर ती वजनासाठी इन्सुलिन टाळत असू शकते. दोन आठवडे सतत उदासी, झोप आणि भूक बिघडणं, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं, यालाही ध्यान हे उत्तर नाही. लगेच डॉक्टरांना गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : नातेवाईक म्हणतात, प्राणायाम आणि विपश्यनेने इन्सुलिन सुटतं. मुलाला इगतपुरीला पाठवा म्हणून मागे लागलेत. (वडील, जळगाव)

सुटत नाही. टाइप वनमध्ये शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केलेल्या असतात. श्वासाने त्या परत येत नाहीत. इन्सुलिन सापडण्यापूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवत असत. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत पहिलं इन्सुलिन मिळालं, ते लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला. निदानानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत काही मुलांचा डोस खूप कमी होतो. त्याचं श्रेय नेमकं त्या काळात सुरू केलेल्या उपायाला दिलं जातं. तो काळ संपतोच, आणि तोवर इन्सुलिन बंद केलेलं असेल तर मूल अतिदक्षता विभागात पोचतं.

शुगर २५० च्या वर, उलट्या, पोटदुखी, तोंडाला फळांसारखा वास आणि आपोआप चाललेला खोल, जोरजोराचा श्वास हे कीटोन फार वाढल्याचं लक्षण आहे. तो श्वास शांत करायला बसू नये. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावं.

विपश्यनेला आमचा विरोध नाही. पण दहा दिवसांच्या शिबिरात मुख्य जेवण अकराच्या सुमारास होतं आणि संध्याकाळी नवीन साधकांना फक्त चहा आणि फळं मिळतात. वाढत्या वयाच्या, इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला हे वेळापत्रक अवघड आहे. अनेक शाळांतून ‘मित्र’ या ध्यानाच्या उपक्रमाखाली आनापान शिकवतात. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, रोज दहा मिनिटं. तो घरी जेवणानंतर करायला काहीच हरकत नाही. कपालभातीसारखा जोराचा सराव मात्र व्यायाम समजून करावा, म्हणजे आधी आणि नंतर शुगर तपासून.

प्रश्न : सरावाने एचबीएवनसी किती उतरेल? (वय १७, ठाणे)

त्याची खात्री कोणी देऊ नये. सजगतेने मधुमेहाचं ओझं आणि चिडचिड कमी होते, असं अभ्यासांतून दिसतं. एचबीएवनसीवरचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरवरचा, परिणाम मात्र थोडा आणि अनिश्चित आहे. तो उतरलाच तर न चुकवलेल्या डोसांमुळे. त्यामुळे महिनाभर वहीत एवढंच लिही : आज किती डोस चुकले, आणि लो आल्यावर पंधरा मिनिटं थांबलो का.

प्रश्न : पेपरच्या सकाळी न खाताही शुगर २४० होते. काय करू? (बारावी, कोल्हापूर)

ताणाच्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडतं, म्हणून असं होतं. घाबरून नेहमीचा पूर्ण करेक्शन डोस, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचं जादा इन्सुलिन, घेतलास तर पेपरच्या मध्यावर लो होऊ शकतो. परीक्षेच्या सकाळी किती डोस घ्यायचा, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घे. घरून निघण्यापूर्वी आणि पेपरच्या अर्धा तास आधी तपास, मग पाच मिनिटं चार-सहाचा श्वास. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळ आणि पाणी न्यायची परवानगी दिली आहे. तुझं बोर्ड वेगळं असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत महिनाभर आधी अर्ज कर. आणि पेपर सुटल्यावर सायकलवर टांग मारण्यापूर्वी एकदा बोट टोच, कारण ताण ओसरला की शुगर उतरते आणि ती घरी जाताना वाटेतच लो होऊ शकते.