टॅरो म्हणजे नेमकं काय? बहिणीने पत्ते मागवलेत आणि आई घाबरली आहे.

आईला आधी सांगा की यात करणी-बिरणी काही नाही. मुळात हा पत्त्यांचा खेळ आहे, आपल्या मेंढीकोटसारखा, हुकूम असलेला. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत नेहमीच्या पत्त्यांना चित्रांचे जास्तीचे हुकूम जोडले आणि टॅरो तयार झाला. फ्रान्समध्ये तो आजही नुसता खेळ म्हणून खेळतात. भविष्य त्यात फार नंतर शिरलं. १७८१ मध्ये कूर द जेब्लँ नावाच्या गृहस्थाने लिहून टाकलं की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची जुनी लिपी कोणाला वाचताही येत नव्हती, पण गोष्ट भारी होती, चालली.

कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ ओळखीचेच: चार रंग, एक्का ते दश्शी, आणि गुलाम-राणी-राजाच्या जोडीला एक घोडेस्वार. बदाम-इस्पिकच्या जागी पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. उरलेले २२ मोठे पत्ते म्हणजे सूर्य, चंद्र, मनोरा वगैरे, त्यात एक शून्य नंबरचा मूर्ख. बहिणीकडे बहुतेक रायडर-वेट कॅट असेल, १९०९ मध्ये लंडनला निघालेला. रायडर प्रकाशक, वेट यांनी कल्पना दिली, आणि सगळी चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. नावात त्याच नाहीत!

आता हे वाचतात कसं? पुस्तकात प्रत्येक पत्त्याचा अर्थ दिलेला असतो, पण मला त्याहून एक दुपार जास्त शिकवून गेली. पऱ्हाट्या उपटायचे दिवस होते. शेजारच्या वहिनी ओट्यावर टेकल्या होत्या, त्यांनी गंमत म्हणून एक पत्ता उचलला. काठ्यांची दश्शी निघाली. एक माणूस दहा काठ्या कवटाळून वाकून चाललाय, तोंड काठ्यांतच खुपसलेलं. वहिनींनी पत्ता डोळ्यांजवळ धरला. "याले भारा बांधताच येत नाही. डोक्शावर घ्याचा असते. असा तोंडापुढे धरल्यावर वाट कशी दिसीन?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. जराशाने म्हणाल्या, "बचत गटाचं रजिस्टर चार वर्सांपासून मीच ओढून राह्यली. दुसरीले द्यालेच पाह्यजे आता."

मी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. पत्त्याला काही ठाऊक नसतं. चित्र समोर आलं की माणूस स्वतःचं बोलायला लागतो, एवढंच. म्हणून "बोअरला पाणी लागेल का" असलं काही कोणी विचारलं तर मी पत्ते गुंडाळून ठेवते.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यातच भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेला तिथे घटमांडणी होते. गोलाकार धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजी, वडे. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय हललं, काय भिजलं ते बघून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. माझे सासरे दरवर्षी न चुकता ऐकायला जातात, आणि पेरणी मात्र पाऊस पडल्यावर, मूठभर माती दाबून ओल बघूनच करतात. टॅरोवर माझी श्रद्धा साधारण तेवढीच.

एक मात्र बहिणीला सांगून ठेवा. दोष, शांती, उपाय हे या पत्त्यांत कुठेच नाही. आमच्या एका नातेवाइकाला फोनवरच्या टॅरोवाल्याने "वाईट पत्ता निघाला" म्हणून पूजेचे २,१०० रुपये भरायला लावले.

आणि आईला तेरा नंबरचा पत्ता तुम्हीच आधी दाखवून टाका, नाहीतर तो अचानक निघाला की कॅट चुलीत जाईल. त्यावर मृत्यू आहे: काळ्या चिलखतातला सांगाडा, पांढऱ्या घोड्यावर. जुनं संपून नवं सुरू होणं असाच त्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. आमच्या आजेसासूबाईंना मी भीतभीतच दाखवला होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. म्हणाल्या, "हा कायचा यम? यमाले हेला असते. हा त घोड्यावर बसला." आणि पत्ता मला परत देऊन पानाचा डबा उघडला.