‘सरकार’, ‘राज्यसंस्था’ आणि विसरलेली ‘दौलत’

गिरगावच्या एका वाचक भगिनींना आपल्या महिला मंडळात ट्युनिशियाच्या क्रांतीवर निबंध वाचायचा असून, तेथील इहवादी स्त्रीवादी कार्यकर्त्यांचा ‘स्टेट’शी असलेला संबंध सांगताना ‘राज्य’, ‘शासन’ की ‘सरकार’ म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

मुंबईत ‘राज्य’ म्हटले की श्रोत्यांना मंत्रालय दिसते आणि ‘शासन’ म्हटले की शासन निर्णयाचा कागद. तेव्हा हे दोन्ही शब्द बाजूला ठेवावेत. ‘सरकार’वर मात्र माझा राग आहे, कारण व्याख्यानमालांत हल्ली जो तो कायदा, न्यायालये, पोलीस आणि मंत्रिमंडळ यांची मोट बांधून तिला सरसकट ‘सरकार’ म्हणतो. 14 जानेवारी 2011 रोजी ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले, तेव्हा त्यांची राजवट गेली. बहुपत्नीत्वाला बंदी करणारी आणि नवऱ्याने एकतर्फी तलाक देण्याची मुभा काढून घेणारी, स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बुर्गिबा यांच्या कारकिर्दीतील 13 ऑगस्ट 1956 ची कुटुंबकायद्याची संहिता मात्र जागच्या जागी होती. बेन अलींच्या हुकूमशाहीला विरोध केलेल्या स्त्रियांनाच पुढच्या वर्षी, हुकूमशहांच्या हातून मिळालेले हे हक्क राखण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. संविधानाच्या मसुद्यात कुटुंबातील स्त्रीची भूमिका पुरुषाला ‘पूरक’ ठरवणारे कलम आले होते, आणि त्याविरुद्ध 13 ऑगस्ट 2012 रोजी, म्हणजे संहितेच्या वर्धापनदिनीच, ट्युनिस शहरात हजारो लोकांनी मोर्चा काढला. ते कलम गेले आणि 2014 च्या संविधानात स्त्रियांनी मिळवलेल्या हक्कांच्या रक्षणाची हमी आली. सत्ताधाऱ्यांशी वैर आणि संहितेचा कैवार अशी ही दुहेरी कसरत ‘सरकार’ या एका शब्दात मावत नाही. म्हणून ‘राज्यसंस्था’ म्हणावे.

आता खरी गंमत. त्या स्त्रिया स्वतः राज्यसंस्थेला ‘दौला’ म्हणतात, आणि तीच आपली ‘दौलत’. या शब्दाचा मूळ अरबी धातू फिरण्याचा, हातोहात जाण्याचा अर्थ देतो. संपत्ती धनिकांच्याच हातांत फिरत राहू नये, असे कुराणात जेथे म्हटले आहे, तेथे याच धातूचा शब्द आहे. आपण लक्ष्मीला चंचल म्हणतो, त्यातलाच हा विचार. इ.स. 750 मध्ये खलिफांच्या उमय्या घराण्याला उलथून अब्बासी घराणे गादीवर आले, तेव्हा त्यांनी आपल्या विजयाला ‘दौला’ म्हटले, म्हणजे ‘आता आमची पाळी’. पुढे या शब्दाचा अर्थ घराणे झाला आणि शेवटी राज्यसंस्था. पालटणाऱ्या पाळीचे नाव अखेर न पालटणाऱ्या वस्तूला चिकटले, याचे मला अजून नवल वाटते.

मराठीत हा राजकीय अर्थ नांदलेला आहे. ‘होळकरांची दौलत’ यातील दौलत म्हणजे केवळ जहागिरीचे उत्पन्न, असे सांगणारे अभ्यासक मला भेटले आहेत. पैशाची पेटी सांभाळायला दिवाण, फडणीस आणि घोडदळ लागत नाही, एवढेच त्यांना सुचवतो.

तमाशातल्या ‘दौलतजादा’बद्दल तर माझा जुना तर्क असा की, ‘दौलत जियादा’, म्हणजे ‘तुमचे राज्य वाढो’, या दरबारी दुव्याचेच ते रूप आहे. दुवा तोंडात राहिला, राज्य गेले आणि उधळलेल्या पैशाला ते नाव मिळाले. सत्तेने वरून हक्क द्यावेत आणि बदल्यात आपल्या नावाचा पुकारा करून घ्यावा, याला दौलतजादाच म्हणावेसे मला वाटते. बुर्गिबांच्या काळात स्थापन झालेल्या, सत्ताधारी पक्षाशी बांधलेल्या राष्ट्रीय महिला संघाला हे लागू पडेल. 1989 मध्ये कायदेशीर मान्यता मिळूनही बेन अलींच्या राजवटीपासून अंतर राखणाऱ्या लोकशाहीवादी महिलांच्या संघटनेला मुळीच नाही. (या महिलांना ‘निधर्मी’ म्हणू नये. धर्म मानणे वेगळे आणि त्याने कायदा ठरवणे वेगळे.)

भगिनींनी निबंधात ‘दौलत’ मात्र घालू नये. मंडळातल्या बायका दागिन्यांची गोष्ट ऐकायला सरसावून बसतील.