देवाचा आशीर्वाद असेल तर यश दिसायला नको का?

सलाम. ख्रिस्ती माणसानं खरं यश कशाला म्हणायचं असं तुम्ही विचारलंय. खाली असंही लिहिलंय की बरोबरीचे मित्र पुण्यात फ्लॅट-गाडीपर्यंत पोचले, तुम्ही अजून कंत्राटी नोकरीत आहात, आणि घरचे म्हणतात, ‘तू प्रार्थनेत कमी पडतोस.’ या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या घरात माझ्या थोरल्या भावाला ऐकवलं गेलंय.

दादाचं कोल्हापुरात उद्यमनगरला छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, हाताखाली दोन-तीन पोरं. शिरोलीच्या फौंड्रीतून पंपाच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग आणायचा, मशिनिंग करायचं आणि ऑर्डर देणाऱ्या पार्टीला पोचवायचं. एका लॉटला बोअरिंग करताना, म्हणजे आतलं भोक कातून मोठं करताना, आतून ब्लोहोल निघाली. ओतलेला धातूचा रस थंड होताना वायू आत अडकला की अशी पोकळी राहते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, लेथवर वरचा थर निघाला की भोक उघडं पडतं. दादानं मला ते दाखवलं होतं. खिळ्याचं टोक जाईल एवढंच भोक, कडेनं काळपट. त्यानं आगपेटीची काडी आत घातली तर निम्मी आत गेली.

फौंड्री माल बदलून द्यायला तयार होती, पण वेळ लागणार होता. पार्टीला घाई. त्यांच्या खरेदीवाल्या माणसानं सरळ सांगितलं, ‘लांबी भरा, वर रंग मारा आणि पाठवा. गिऱ्हाइकाला कुठं कळतंय?’ हे करणारे कमी नव्हते. लांबी म्हणजे भोकं बुजवायचा लगदा. ती भरून, घासून, वर रेड ऑक्साइडचा रंग मारला की जाणकारालाही पटकन ओळखू येत नाही. दादा म्हणाला, ‘त्यो पंप कुणाच्या तरी हिरीवर बसणार. ऐन उन्हाळ्यात गळाय लागला आणि ऊस वाळला, तर त्येला मी काय सांगू?’ त्यानं सगळा लॉट परत पाठवला. तारीख चुकली, ऑर्डर दुसऱ्याकडं गेली आणि परत आलीच नाही. धंद्याचा मोठा हिस्सा त्या एकाच पार्टीवर होता. बँकेचा हप्ता थकला. आधी एक लेथ गेला, मग दुसरा. पोरांचा पगार त्यानं पैन् पै चुकता केला आणि स्वतः दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर लागला. रिटायर होईपर्यंत तिथंच.

बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं आणि पुढं दुप्पट परत मिळालं, तसलं काही झालं नाही. लोकांना ही गोष्ट तिथपर्यंत न्यायचीच असते, म्हणून आधीच सांगते. दादा आजही भाड्याच्या घरात आहे.

आता आमचे दाजी, ताईचे यजमान. आमच्या चर्चच्या मंडळीत पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक. माणूस मदतीला धावणारा, ते नाकारणार नाही. पण दर वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेत त्यांची साक्ष, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, ठरलेली: यंदा प्रभूनं प्लॉट दिला, यंदा मुलाचा व्हिसा झाला. वर्कशॉप बंद पडलं त्या वर्षी ते घरी येऊन दादासमोर म्हणाले, ‘देवाचा हात असता तर असं झालं नसतं. कुठंतरी काहीतरी अडलंय, गुडघे टेकून शोध की.’ दादा गप्प बसला. मी नाही बसले, आणि तो वाद आमच्यात अजून चालू आहे.

दाजींच्या बैठकीच्या खोलीत बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन फ्रेम करून लावलंय. तुमच्याही घरी असेल. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सुंदर वचन आहे. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीचं, १० वं वचन सांगतं की परत यायला ७० वर्षं लागतील. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक बाबेलातच मेले असणार. त्यांना देव काय करायला सांगतो? घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे कोणी फ्रेम करत नाही. ‘मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे’ हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन गाड्यांच्या काचेवर दिसतं. प्रेषित पौलानं ते कैदेतून लिहिलंय, आणि आदल्याच वचनात तो उपाशी राहण्याबद्दल बोलतोय.

दाजी मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात. त्यांनी निराधार बायका-मुलींसाठी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन बघ, म्हणतात, आशीर्वाद असा दिसतो. मी म्हणते, रमाबाईंचं सगळं आयुष्य बघा की. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये नवरा गेला. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. अख्खं भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये. दाजींच्या मापानं मोजलं तर या बाईंचं प्रार्थनेत किती ‘अडलं’ होतं म्हणायचं? बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राचा ११ वा अध्याय वाचा. विश्वासानं राज्यं जिंकणारे आणि विश्वासानं करवतीनं चिरले गेलेले एकाच यादीत आहेत, आणि दोघांच्या विश्वासाला सारखीच साक्ष मिळाली आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानात, २५ व्या अध्यायातल्या दासांच्या दाखल्यात आहे. धनी परगावी जाताना तीन दासांकडं पैसा सोपवतो, तो दाखला तुम्हाला पाठ असेल. एवढंच बघा, की ज्यानं पाचाचे दहा केले आणि ज्यानं दोनाचे चार केले, दोघांनाही धनी तेच शब्द बोलतो: ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा.’ जास्त कमावणाऱ्याला जास्त शाबासकी नाही. जे काम हातात दिलंय ते, कोणी बघत नसतानाही, धन्याचं समजून करणं, याला मी यश म्हणते. त्यातून वर्कशॉप चाललं तर चाललं, बुडलं तर बुडलं. दादानं तो लॉट परत पाठवला तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी दिवस होता, असं मी दाजींच्या तोंडावर म्हटलंय.

याचा अर्थ श्रीमंती वाईट असा कोणी काढू नका. बायबलमधली लुदिया जांभळ्या वस्त्रांची व्यापारी होती, आणि ज्यानं येशूला आपल्या कबरेत ठेवलं तो अरिमथाईचा योसेफ श्रीमंत होता म्हणून त्याची स्वतःची नवी कबर होती. आणि त्याच दाखल्यात तिसरा दासही आहे, ज्यानं पैसा पुरून ठेवला. तेव्हा ‘देवाची इच्छा’ म्हणत हातावर हात ठेवून बसायला हे उत्तर वापरता येणार नाही. कंत्राटी नोकरीपेक्षा चांगली मिळत असेल तर जरूर प्रयत्न करा. परीक्षा द्या, अर्ज टाका, पुण्याला जावं लागलं तर जा. फक्त ती मिळाली नाही म्हणून देवानं पाठ फिरवली असं कोणी म्हणालं, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय काढून दाखवा. जन्मांध माणसाकडं बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं? येशूनं उत्तर दिलं, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही.

आणि एक काम करा. तुमच्या मंडळीत साक्ष द्यायची वेळ येईल तेव्हा उभे राहा आणि सांगा की नोकरी अजून कंत्राटीच आहे, तरी मी देवाचे उपकार मानतो. आमच्याकडं मी दादाचं नाव सुचवलं होतं तेव्हा ‘साक्ष आशीर्वादाची असते’ म्हणून पंचांनी नको म्हटलं. मग मीच उभी राहिले आणि ब्लोहोलपासून लेथ विकल्यापर्यंत सगळं सांगितलं. दाजी पहिल्या बाकावर होते. उपासना सुटल्यावर दोन माणसं दादाकडं आली, दोघंही धंद्यात बुडालेली, कित्येक वर्षं त्याच बाकांवर बसून कुणाला न बोललेली. त्यातला एक आता दर रविवारी दादाशेजारी बसतो. दाजींनी अजून मला उत्तर दिलेलं नाही. दाजी, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर इब्री ११ चं ३५ वं वचन उघडून ठेवा, रविवारी मी येतेच आहे.