पहाणीवरचं २.२० म्हणजे अडीच एकर

प्रश्न : मॅडम, पीएच.डी.साठी मी निपाणी-चिकोडी भागातल्या ऊस उत्पादकांचं सर्वेक्षण केलं. 'क्षेत्र' हा रकाना स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल अक्षरांत दिसतो आणि सरासरी निघत नाही. म्हणून 'एनकोड' कमांड दिली, तर सरासरी ४१ एकर आली! एवढी जमीन आमच्याकडे कुणाची आहे? काही नोंदींचा नमुना सोबत देत आहे. काय चुकलं?
– एक संशोधक, निपाणी

उत्तर : लाल म्हणजे स्टाटा त्या रकान्याला मजकूर समजतोय. 'एनकोड' ही कमांड नावांसाठी आहे, गाव किंवा उसाची जात अशा रकान्यांसाठी. ती वेगवेगळ्या नोंदी अक्षरक्रमानं लावते आणि त्यांना १, २, ३ असे क्रमांक देते. त्या क्रमात '१०' हे '२'च्या आधी येतं. तुमचे ४१ ही या क्रमांकांची सरासरी आहे, जमिनीची नव्हे.

मजकूर म्हणून पडलेल्या आकड्यांचे खरे आकडे करणारी कमांड 'डीस्ट्रिंग'. पण ती लगेच देऊ नका. तुमच्या नमुन्यात २.२०, १.०५, ०.३० अशा नोंदी आहेत. हे पहाणीवरून, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावरून, घेतलेले एकर-गुंठे आहेत. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे २.२० हे अडीच एकर. 'डीस्ट्रिंग' त्याचे मुकाट्यानं २.२ करील, चूक दाखवणार नाही. खानापूरकडच्या भातशेतीच्या सर्वेक्षणात माझ्याकडून हेच झालं होतं. क्षेत्र कमी धरल्यामुळे एकरी उत्पन्न फुगलं. आकडे वाचून दाखवताना एक शेतकरी म्हणाले, "बाई, माझं पावणेदोन एकर हाय, तुम्ही सव्वाच्या आसपास धरलंय." नोंद होती १.३०. ती चूक मला अजून टोचते.

म्हणून रकाना मजकूरच राहू द्या. त्यात कुठे मराठी किंवा कन्नड आकडे असतील तर आधी ते इंग्रजी करून घ्या. मग 'स्प्लिट' कमांडनं टिंबाशी दोन भाग करा आणि तिलाच 'डीस्ट्रिंग' पर्याय जोडा. दुसरा भाग रिकामा असेल तिथे शून्य भरा, त्याला ४० नं भागा आणि पहिल्या भागात मिळवा. 'फोर्स' पर्याय टाळा. 'दीड एकर' असं लिहिलेली नोंद तो सरळ रिकामी करतो.

दुसऱ्या भागात ४० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर मूळ फॉर्म काढून बघा. महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडे जमीन असलेल्यांनी सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर सांगितलेलं असू शकतं. तिथे ०.८० म्हणजे ८० आर, जवळपास दोन एकर. आणि फाइल एक्सेलमधून आणली असेल तर २.२० चं आधीच २.२ झालंय का, तेही तपासा. तसं असेल तर ते वीस गुंठे की दोन, हे फक्त कागदी फॉर्मच सांगेल.