वाचक विचारतात : पे स्लिपवर तासाला २.१३ डॉलर!

प्रश्न : आम्ही बारा वर्षं टेक्ससमध्ये आहोत. मुलगी कॉलेज करता करता एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेसचं काम करते. परवा तिची पे स्लिप बघितली तर तासाला २.१३ डॉलर! ती म्हणते आई इथे असंच असतं, बाकीचं टिपमधून येतं. वर गिऱ्हाईक बिल न भरता पळून गेलं तर ते पैसे हिच्याकडून कापतात आणि मॅनेजरने सांगितलंय की पगाराबद्दल आपापसात बोलायचं नाही. हे कायद्यात बसतं का?

उत्तर : ताई, २.१३ बसतं, बाकीचं दोन्ही बसत नाही.

फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेली, किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर आहे, जुलै २००९ पासून एक सेंटसुद्धा वाढलेली नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून २.१३ दिले तरी चालतात, उरलेले ५.१२ टिपमधून येतील असं धरून चालतात. हा आकडा १९९१ पासून तिथेच अडकलाय, तेव्हा किमान मजुरी ४.२५ होती आणि तिच्या निम्मे म्हणून २.१३, मग १९९६ च्या कायद्याने ही निम्म्याची गाठच सोडली आणि पुढे किमान मजुरी वाढत गेली तरी वेटर लोकं मागेच राहिली. मला हा उघड अन्याय वाटतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा धरून सात राज्यांत ही सोयच मालकाला नाही, तिथे राज्याची पूर्ण किमान मजुरी द्यावी लागते आणि टिप त्याच्यावर.

पण मुलीला हे नक्की सांगा की आठवड्याचा हिशोब केल्यावर २.१३ अधिक टिप मिळून तासाला ७.२५ होत नसेल तर कमी पडलेले पैसे मालकाने भरायचे असतात, ती मेहेरबानी नाही. चाळीस तासांच्या वर काम झालं की बरेच मालक २.१३ ची दीडपट करून मोकळे होतात, ते चूक आहे, दीडपट ७.२५ ची करायची आणि त्यातून ५.१२ वजा करायचे, म्हणजे ओव्हरटाइमच्या तासाला निदान ५.७६ मिळायला हवेत. पळून गेलेल्या गिऱ्हाइकाचं बिल, फुटलेल्या प्लेटा, गल्ल्यातली तूट हे हिच्याकडून कापता येत नाही कारण ती आधीच किमान मजुरीच्या काठावर धरलेली आहे, कापलं की त्याच्या खाली जाते. आणि टिपमध्ये मॅनेजरने वाटा घेणं २०१८ पासून साफ बंद आहे.

पगाराबद्दल बोलायचं नाही म्हणाला ना मॅनेजर? १९३५ च्या लेबर कायद्याने खाजगी कंपनीतल्या साध्या कामगाराला सोबतच्यांशी पगार, टिप, शिफ्ट यावर बोलायचा हक्क दिलेला आहे, युनियन असो वा नसो. आणि बोलल्याशिवाय कळणार कसं की पैसे हिच्या एकटीचेच कापले जातायत की सगळ्यांचे? म्हणून तिला म्हणावं आधी सोबतच्या मुलींशी बोल, रोजचे तास आणि टिप वहीत लिहून ठेव, पे स्लिपा जपून ठेव. मग लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, नाव गुप्त राहतं, साधारण दोन वर्षं मागचं वसूल होतं आणि मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. तक्रार केली म्हणून काढणं बेकायदेशीर आहे, तरी काढणारे काढतात हे मी लपवणार नाही, म्हणून एकटीने न जाता चार-पाच जणींनी मिळून गेलेलं बरं.

प्रश्न : २०२३ मध्ये ऑटो कामगारांनी संप करून एवढी मोठी वाढ मिळवली, मग बाकीच्या ठिकाणी युनियन का होत नाहीत? माझा मित्र म्हणतो आमचं राज्य ‘राइट टू वर्क’ आहे त्यामुळे कधीही काढू शकतात.

उत्तर : मित्राची गल्लत झालीय, आणि ही गल्लत फार जणांची होते. ‘राइट टू वर्क’ म्हणजे युनियनची वर्गणी भरणं नोकरीची अट करता येत नाही, सध्या २६ राज्यांत असं आहे. कारण न देता काढायची मुभा म्हणजे ‘ॲट विल’, आणि ती माँटाना सोडून सगळीकडे आहे. युनियनच्या कॉन्ट्रॅक्टचा एक मोठा फायदा हाच की काढायला ठोस कारण दाखवावं लागतं.

युनियन करायची तर ३० टक्के लोकांनी ‘युनियन हवी’ अशा कार्डावर सह्या केल्या की सरकारी बोर्ड मतदान घेतं, आणि पडलेल्या मतांत निम्म्याहून जास्त मतं लागतात. तिथपर्यंत लोकं पोचतात हो, स्टेटन आयलंडचं ॲमेझॉन वेअरहाउस २०२२ मध्ये पोचलंच की, पण खरी लढाई पुढे आहे. मालकाने वाटाघाटी करायच्या एवढंच कायदा म्हणतो, करार केलाच पाहिजे असं म्हणत नाही, त्यामुळे पहिल्या कॉन्ट्रॅक्टला वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि तोवर सह्या करणारी निम्मी माणसं नोकरी सोडून गेलेली असतात. युनियनमुळे कुणाला काढलं तर मालकाला दंडसुद्धा नाही, फक्त माणसाला परत कामावर घ्यायचं आणि बुडालेला पगार द्यायचा, तोही मधल्या काळात दुसरीकडे कमावलेलं वजा करून! पगारवाढीसाठी संप केला तर त्या जागी कायमची माणसं भरता येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९३८ मध्येच म्हणून ठेवलंय. हे सगळं बघितलं की १९५० च्या दशकात तिनातला जवळजवळ एक कामगार युनियनमध्ये होता आणि आज खाजगी क्षेत्रात शंभरात सहाच्या आसपास का, ते कळतं.

ऑटोवाल्यांकडे दशकांची जुनी संघटना होती आणि संपात पगार बुडणाऱ्यांना पैसे द्यायला जमवलेला फंड होता. १५ सप्टेंबरला त्यांनी जीएम, फोर्ड आणि स्टेलँटिस या तिन्ही मोटार कंपन्यांकडे एकाच वेळी संप केला, पण सगळे प्लांट बंद न करता निवडक, आज हा उद्या तो, त्यामुळे फंड पुरला आणि कंपन्यांना पुढचा कुठला ते कळेना. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ, आणि नवीन माणसाला पूर्ण पगारापर्यंत पोचायला आठ वर्षं लागायची ती तीनवर आली. मला तर यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते, कारण एकाच लाइनवर शेजारी उभं राहून तेच काम करणारे दोघं वेगळा पगार घेत होते.